गाडी सरळ जात होती, तेच चुकत होतं

दिवाळीच्या आदल्या रविवारी गाडी धूत होतो. मागच्या डाव्या चाकाच्या आत साचलेला चिखल काढायला हात घातला आणि बोटाला तार टोचली. वाटलं, रस्त्यावरची कुठली तरी तार गुंतलीय. खाली आडवा होऊन टॉर्च मारला तर ती टायरचीच निघाली. बाहेरून बघावं तर टायर ठणठणीत, नक्षी शाबूत. आतल्या कडेचा दोन बोटं रुंद पट्टा मात्र पार गुळगुळीत झाला होता आणि एका जागी रबर संपून पोलादी तारा बाहेर आल्या होत्या. याच टायरवर मी आदल्या आठवड्यात घरच्या सगळ्यांना घेऊन खंबाटकी चढून आलो होतो.

मागच्या उजव्या टायरची आतली कड चाचपली, ती चांगली होती. चारही टायर एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले. मग एकाच्याच नशिबी हे का?

गाडी छोटी हॅचबॅक, सात वर्षांची, अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर झालेली. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावातून सांगलीला शाळेत रोज जाऊन-येऊन. बहुतेक वेळा गाडीत मी एकटाच.

स्टेपनी लावून टायरवाल्याकडे गेलो. त्याने बघितल्या-बघितल्या सांगितलं, "सर, अलाइनमेंट." म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवणं. मी म्हणालो, वर्षात दोनदा केलीय. तो म्हणाला, "मग तिसऱ्यांदा करू." इथे मी पहिलं शहाणपण केलं ते म्हणजे नाही म्हणालो. एकच औषध दोनदा घेऊन गुण आला नसेल तर तिसरी पुडी बांधण्यापेक्षा दुखणं काय आहे ते तरी बघावं.

मला गाडीची वही ठेवायची सवय आहे. पेट्रोल, ऑइल, कुठे काय बदललं, सगळं त्यात असतं. घरात तिची चेष्टा होते. त्या रात्री वही उघडली आणि जूनमधली एक ओळ सापडली : "टायर रोटेशन. पुढचे मागे, मागचे पुढे." म्हणजे मागच्या डावीकडचा हा टायर जूनपर्यंत पुढे डावीकडे होता. मी दोन तास मागच्या ॲक्सलखाली टॉर्च घेऊन पडलो होतो आणि चोरी झाली होती पुढच्या खोलीत. रोटेशनमुळे टायर जास्त चालतात हे खरं, पण झीज कुठे झाली याचा पुरावाही त्यांच्याबरोबर फिरतो. त्या दिवसापासून प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला पिवळ्या रंगाने खूण केलीय : पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ. रोटेशन झालं की नवी खूण जुनीच्या शेजारी.

खाचांची खोली मोजायचं एक छोटं गेज मिळतं, शे-दीडशे रुपयांत. ते आणलं. नव्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात आणि १.६ मिलिमीटर उरले की टायर बदलायचा. खाचेच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की संपलं. जूनपासून पुढे डावीकडे आलेला टायर मोजला. बाहेरची कड ५.४, मध्य ५.२, आतली कड ३.७. पुढचा उजवा तिन्ही जागी पाचच्या आसपास. म्हणजे पाच महिन्यांत दुसराही टायर त्याच वाटेने निघाला होता. टायर निर्दोष होते, चूक जागेची होती.

आता माझं डोकं चालायला लागलं, आणि गणिताच्या मास्तरचं डोकं चालायला लागलं की घरच्यांना त्रास होतो.

पहिलं उत्तर रस्त्यात होतं. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता बांधतात, पाणी वाहून जावं म्हणून. एक मीटर रुंदीला दोन-अडीच सेंटीमीटर उतार. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डावी चाकं कायम उताराच्या खालच्या अंगाला. पाणी तिकडेच वाहतं, तिकडेच साचतं. डांबराचा खरा वैरी पाणी, म्हणून खड्डे आधी तिकडे पडतात आणि कडाही तिकडूनच तुटतात. त्यात आमचा गावरस्ता एकपदरी, पावणेचार मीटरचा. गळिताच्या हंगामात समोरून उसाची डबल ट्रॉली आली की ती डांबर सोडत नाही, सोडायचं तुम्ही. डावी दोन चाकं साइडपट्टीवर उतरवायची, ट्रॉली गेली की परत चढवायची. डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात चार-पाच बोटांची पायरी असते. सकाळी सात-आठ वेळा, संध्याकाळी तितक्याच वेळा. उजव्या चाकांना ही पायरी माहीतच नाही.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला हे फोनवर सांगितलं. तो हसला. त्याच्या गाडीचं सस्पेन्शन दोनदा निघालं होतं, दोन्ही वेळा उजवीकडचं. तिकडे उजवीकडून चालतात, त्यांचा खड्डा उजवीकडे. माझ्या म्हणण्याला सातासमुद्रापलीकडून पुष्टी मिळाली म्हणून मी खूश झालो.

पण ओझं तर उजवीकडे. मी ब्याऐंशी किलोचा, रोज एकटा उजवीकडे बसणारा. बायकोच्या शिवणाच्या टेपने चाकाच्या मधल्या टोपीपासून वरच्या कमानीपर्यंत अंतर मोजलं. गाडी रिकामी असताना उजवीकडे सात-आठ मिलिमीटर कमी भरलं. स्प्रिंग थोडी बसलीय. आतूनही तसंच. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड चढता-उतरता घासून फाटलीय, उजव्या टाचेखालची मॅट भोक पडून गेलीय, डाव्या सीटवर मात्र कंपनीचं प्लास्टिक काढल्याला फक्त चार वर्षं झाली असतील इतकी ती नवी दिसते. (ते प्लास्टिक तीन वर्षं कोणी काढू दिलं नाही हा वेगळा विषय.) म्हणजे गाडी दिसायला डावी-उजवी सारखी, पण जगते दोन वेगळी आयुष्यं. डावी बाजू मार खाते, उजवी ओझं वाहते.

एवढी थिअरी घेऊन मी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. साठी ओलांडलेला माणूस, सगळे त्यांना मामा म्हणतात. बाभळीखाली एक पत्र्याची शेड आणि एक खड्डा, ज्यावर गाडी उभी करून खालून बघायचं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी वडती का?"

"नाही मामा. अगदी सरळ जाते. हात सोडला तरी."

"कुठल्या रस्त्याला?"

"आपल्याच की. गावच्या."

"मग बिघाड हाय. चला."

मला काही कळेना. गाडी सरळ जाते तर बिघाड कसा? मामा शेजारी बसले. दुपारची वेळ, रस्ता रिकामा. तीसच्या वेगात स्टिअरिंगवरची बोटं सैल सोडायला सांगितली. गाडी सरळ. "आता पलीकडच्या अंगानं घ्या, समोर बघून." लांबवर कोणी नाही हे बघून रस्त्याच्या उजव्या अर्ध्यावर नेली. बोटं सैल केली मात्र, गाडी उजवीकडच्या शेताकडे निघाली. मला पटकन धरावी लागली.

"बघा. ह्या अंगाला उतार हाय म्हणून गेली, बरोबर? मग त्या अंगाला डावीकडं उतार हाय. तिथं डावीकडं का जाईना?"

त्या क्षणी मला शाळेत फळ्यासमोर उभा राहिलेला ढ मुलगा आठवला, फक्त या वेळी तो मी होतो. निरोगी गाडी उतरत्या रस्त्यावर हळूहळू डावीकडे झुकायला हवी. माझी झुकत नव्हती, कारण आतून काहीतरी तिला सतत उजवीकडे ओढत होतं. उतार डावीकडे ओढायचा, बिघाड उजवीकडे, दोन्ही एकमेकांना कापायचे आणि मी "काय सरळ जाते!" म्हणून लोकांना सांगत फिरायचो.

मामांनी अलाइनमेंटचे कागद मागितले. डाव्या कप्प्यात दोन्ही घड्या घालून ठेवलेले होते, एकदाही न वाचलेले. दोन्ही कागदांवर टो हिरवा. दोन्ही कागदांवर पुढच्या डाव्या चाकाचा कॅम्बर लाल : उणे दीड अंशाच्या जवळ. उजवीकडचा उणे अर्धा. मशीनवाल्याने तेव्हा सांगितलंही होतं, "या गाडीत कॅम्बर ॲडजस्ट होत नाही, टो सेट केलाय." मी मान डोलावून पैसे दिले होते. उत्तर वर्षभर माझ्या गाडीतच घडी घालून पडलं होतं.

टो आणि कॅम्बर हे शब्द टायरच्या दुकानात एका दमात उच्चारतात, पण दोन्हींत फरक मोठा आहे. वरून बघितल्यावर चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर, हा टो. समोरून बघितल्यावर चाक वरच्या बाजूने आत कललंय की बाहेर, हा कॅम्बर. टो बिघडला तर टायर रस्त्यावर तिरका घासत जातो, आणि नक्षीवरून आडवा हात फिरवला तर एका दिशेला मऊ, उलट दिशेला करवतीसारखं लागतं. पण पुढची दोन्ही चाकं स्टिअरिंगने एकमेकांना बांधलेली असतात. एकाचा टो बिघडला तरी चालत्या गाडीत स्टिअरिंग थोडं फिरतं आणि तो बिघाड दोघांत वाटला जातो. टायर झिजले तर दोन्हीकडे झिजणार आणि स्टिअरिंग तिरकं राहणार. माझं स्टिअरिंग मधोमध होतं आणि झीज एकाच चाकाला होती. कॅम्बर वाटला जात नाही, ज्याचा त्यालाच भोगावा लागतो. शिवाय कललेलं चाक कलाच्या दिशेने ओढतं, सायकल झुकवली की वळते तसं. डावं चाक वरून आत, म्हणजे उजवीकडे कललेलं, म्हणून गाडी उजवीकडे.

कॅम्बर ॲडजस्ट होत नाही याचा अर्थ तो बिघडत नाही असा नाही. तो बिघडला म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा सैल झालंय. मामांनी मला चाकाजवळ बसवलं आणि टायर व शॉकअपच्या नळीमधल्या फटीत बोट घालायला सांगितलं. उजवीकडे तर्जनी सहज सरकली. डावीकडे पेरापाशी अडकली. एवढंच. दोन लाखांच्या मशीनने दोनदा सांगितलेली गोष्ट माझ्या बोटाला एकदाच कळली. शॉकअपची नळी वाकली होती. मग आठवलं, मागच्या पावसाळ्यात पाण्याने भरलेला एक खड्डा डावीकडे बसला होता, दात वाजले होते. तेव्हा रिम बघितली, शाबूत होती, विषय संपला असं धरलं.

शेडमधल्या खड्ड्यावर गाडी घेऊन मामा खाली उतरले. चाकाला खालून धरून ठेवणारा दांडा म्हणजे लोअर आर्म. त्याच्या मागच्या बुशापाशी, म्हणजे सांध्यातल्या रबरापाशी, पहार घातली आणि हलवली. डावीकडे आर्म चक्क मागे-पुढे खेळत होता, बुशाचं रबर एका अंगाला फाटून आत काळी फट दिसत होती. उजवीकडे तीच पहार, तोच जोर, आर्म हलला नाही. हे बुश असं असतं की गाडी उभी असताना आर्म जागेवर असतो, ब्रेक दाबला की चाक मागे खेचलं जातं आणि तेवढ्यापुरती सगळी मापं बदलतात. मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. म्हणून त्याला हा खेळ दिसलाच नाही. सैल बुशावर केलेली अलाइनमेंट म्हणजे हलत्या टेबलावर ओढलेली रेघ. डावी लिंक रॉडही खुळखुळत होती. डाव्या ॲक्सलच्या, म्हणजे गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, रबरी बुटालाही बारीक भेगा होत्या. माझ्या गाडीत गिअरबॉक्स डावीकडे, त्यामुळे डावा ॲक्सल आखूड, आणि चाक तेवढंच वर-खाली झालं तरी आखूड ॲक्सल जास्त कोनात वाकतो.

म्हणजे माझी थिअरी बरोबर होती, सगळं डावीकडेच. मी मनातल्या मनात पेढे वाटत असतानाच मामांनी उजव्या चाकाच्या रिमजवळ हात नेला आणि मला बोलावलं. उजवं चाक डाव्यापेक्षा स्पष्ट गरम होतं.

चाक काढलं. उजवीकडचं आतलं ब्रेक पॅड दोन मिलिमीटरवर आलं होतं, बाहेरचं सात. डावीकडे दोन्ही पाचच्या घरात. आमच्यासारख्या गाड्यांत कॅलिपरला, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून पकडणाऱ्या चिमट्याला, आतल्या बाजूने एकच पिस्टन असतो. तो आतलं पॅड डिस्कवर दाबतो, आणि मग कॅलिपरची सबंध बॉडी दोन पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून घेते. खालची पिन जाम झाली होती. बॉडी सरकत नाही, बाहेरचं पॅड आरामात, आतलं एकटंच राबतंय. आणि ब्रेक सोडल्यावरही नीट सुटत नव्हतं, म्हणून चाक गरम. चालताना उजवीकडे ओढणारा दुसरा हात हा.

मी लगेच कारण शोधायला लागलो. उजवी बाजू, ड्रायव्हरचं वजन, उजवीकडच्या चाकावर जास्त ब्रेक... मामांनी पिनेचा रबरी बूट माझ्या हातात दिला. फाटलेला, आत चिखल सुकून सिमेंटसारखा झालेला. "मागच्या टायमाला पॅड घालताना कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर लावलाय. बूट फाटला, पाणी गेलं. डावीकडं बी फाटला असता. रस्त्याचा संबंध नाही की ओ सर." वही बघितली. पॅड दोन वर्षांपूर्वी, दुसरीकडे बदललेले.

हा घोट गिळायला मला थोडा वेळ लागला. सगळ्या झिजेला एकच सुंदर कारण मिळावं असं वाटत होतं, आणि निघाली तीन, एकमेकांशी ओळख नसलेली. बुश वर्षानुवर्षांच्या साइडपट्टीने खाल्लं होतं. शॉकअप एका खड्ड्याने एका क्षणात वाकवला होता. आणि पिन एका माणसाच्या घाईने जाम झाली होती.

दुरुस्तीला दीड दिवस लागला. काय जोडीने बदलायचं आणि काय एकटं, यावर आमची थोडी घासाघीस झाली. पुढचे शॉकअप दोन्ही बदलले, कारण एक नवा आणि एक अठ्ठ्याहत्तर हजार चाललेला असं असेल तर गाडी खड्ड्यावर दोन्हीकडे वेगळी वागते. ब्रेक पॅड तर दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, त्याला पर्याय नाही. लोअर आर्म मात्र फक्त डावा घेतला. उजव्याचं बुश घट्ट होतं, उगाच चांगली वस्तू भंगारात घालायला माझं मन तयार होईना. मामा म्हणाले, "तुमचं पैसं, तुमचं मन." पिना साफ करून दोन्हीकडे नवे बूट आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे लावलं तर रबर फुगतं आणि पिन परत अडकते, हे त्यांनी हेल्परला माझ्यादेखत दोनदा बजावलं. लिंक रॉड आणि ॲक्सल बूट धरून सगळं मिळून अकरा हजारांच्या आत बसलं. शिवाय टायर दोन. तारा बाहेर आलेला गेलाच, दुसऱ्याची आतली कड बरीच झिजली होती, आणि पुढे एक नवा एक जुना घालायचा नव्हता. उजवीकडच्या बऱ्या टायरांतला एक स्टेपनीला टाकला.

मग अलाइनमेंट, तिसऱ्यांदा, पण या वेळी शेवटी. डावा कॅम्बर उणे पस्तीस मिनिटं (साठ मिनिटांचा एक अंश), उजवा उणे तीस. मी मशीनवाल्यासमोर कागद वरपासून खालपर्यंत वाचला. तो चहा पीत माझ्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी बायको गाडी घेऊन आष्ट्याला गेली. परत येऊन म्हणाली, "एवढे पैसे घातले आणि आता ही डावीकडे जाते." मी म्हणालो, जायलाच पाहिजे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उताराचं गणित सांगायचं टाळलं. चार दिवसांनी शाळेच्या सपाट मैदानावर नेऊन हात सैल करून दाखवला, रेघेसारखी गेली. "मग रस्त्यावर का नाही जात?" हा तिचा प्रश्न अजून घरात अधूनमधून निघतो.

एप्रिलमध्ये, साडेचार हजार किलोमीटरनंतर, पुन्हा गेज लावलं. पुढचा उजवा तिन्ही जागी ७.४. पुढचा डावा आत ७.३, मध्य ७.४, बाहेरची कड ७.१. बाहेरच्या कडेची ही थोडी जास्त झीज मला आधी खटकली. मामांना फोन केला. डावं वळण आपण चिकटून, हळू घेतो. उजवं वळण लांबून आणि वेगात. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांच्या बाहेरच्या कडेवर येतं, चौकातल्या सर्कललाही तेच. "तेवढं ऱ्हाणारच," मामा म्हणाले, "दहा हजाराला रोटेशन करा. आन् ते पिवळं रंगवलेलं पुसू नका म्हणून पोराला सांगा."

सांगितलं होतं. पोराने थिनरने पुसून टायर चकाचक करून दिले.